कलेच्या प्रमाणपत्राला सामाईक स्टुडिओ हवा

सन्माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सर्जनशील कलांचा आंतरविद्याशाखीय प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही कल्पना आज अनेक विद्यापीठांनी उचलून धरली आहे. मूळ पदवी भौतिकशास्त्राची असो, वाणिज्याची असो, परिचर्येची असो की इतिहासाची; तिच्या जोडीने किंवा ती पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने साधारण 12 ते 20 श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) काम चित्र, शिल्प, नाटक, संगीत, नृत्य, लेखन, चलच्चित्र यांसारख्या कलांमध्ये करायचे आणि त्याची रीतसर नोंद म्हणून विद्यापीठाचे प्रमाणपत्र मिळवायचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. मी रंगमंचाची प्रकाशयोजना आणि रंगविचार हे विषय बरीच वर्षे शिकवत आले आहे, अशा अभ्यासक्रमांच्या आखणीतही भाग घेतला आहे, आणि या कल्पनेबद्दल मला मनापासून आस्था आहे. म्हणूनच तिच्यातल्या एका मूलभूत उणिवेकडे आपल्या वाचकांचे आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, हे प्रमाणपत्र नावाप्रमाणे आंतरविद्याशाखीय व्हायचे असेल तर त्याच्या केंद्रस्थानी अगदी पहिल्या सत्रापासून एक सामाईक स्टुडिओ असला पाहिजे, आणि त्या स्टुडिओत निरनिराळ्या विभागांचे दोन अध्यापक एकाच वेळी, एकाच खोलीत शिकवत असले पाहिजेत. बाकीच्या उणिवा पुढे भरून काढता येतात. ही मात्र सुरुवातीलाच राहून गेली तर मागाहून कशानेही भरून निघत नाही.

बहुतेक ठिकाणी घडते ते वेगळेच. प्रत्येक विभागाकडे जो विषय आधीच शिकवला जात असतो, तोच तो या नव्या प्रमाणपत्रासाठी देऊ करतो. चित्रकला विभाग रेखांकनाची तोंडओळख देतो, नाट्य विभाग अभिनयाची मूलतत्त्वे देतो, संगीत विभाग रसग्रहण देतो, भाषा विभाग कथालेखन देतो, संगणक विभाग ॲनिमेशन देतो. त्यांची एक यादी तयार होते आणि विद्यार्थ्याने त्यातले कोणतेही चार-पाच विषय निवडून श्रेयांकांची बेरीज पूर्ण करावी, असा नियम होतो. शिकवणारे एकमेकांना भेटत नाहीत. आपल्या वर्गातल्या मुलीने मागच्या सत्रात शेजारच्या इमारतीत काय केले, याची त्यांना कल्पना नसते. विद्याशाखांची सांगड घालण्याचे सगळ्यांत अवघड काम त्या मुलीने एकटीने, आपल्या डोक्यात, कुणाच्याही मदतीशिवाय करायचे असते. ज्या कामासाठी हा अभ्यासक्रम काढला, तेच काम यात कुणी शिकवत नाही.

सामाईक स्टुडिओत काय घडू शकते हे एका साध्या प्रयोगावरून सांगते. अंधाऱ्या खोलीत पांढरा पडदा लावायचा. त्यावर दोन दिवे सोडायचे, एक साधा पांढरा आणि दुसरा लाल जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलेला. दिव्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये एक काठी उभी करायची. पडद्यावर काठीच्या दोन सावल्या पडतात. ज्या सावलीत पांढरा दिवा अडला आहे तिथे फक्त लाल प्रकाश पोचतो, म्हणून ती लाल दिसते; यात कुणाला नवल वाटत नाही. दुसऱ्या सावलीत लाल दिवा अडला आहे आणि तिथे फक्त पांढरा प्रकाश पोचतो आहे. हिशेबाने ती पांढुरकी किंवा राखाडी दिसायला हवी. प्रत्यक्षात ती निळसर हिरवी दिसते, आणि इतकी स्पष्ट दिसते की पहिल्यांदा पाहणारा मागे वळून तिसरा, हिरवा दिवा कुठे लावला आहे ते शोधू लागतो.

आता या पडद्यासमोर वेगवेगळ्या विषयांचे विद्यार्थी बसलेले असले म्हणजे चर्चा कशी चालते ते पाहा. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी वर्णपटमापक घेऊन पुढे येते आणि त्या सावलीतून येणारा प्रकाश मोजते. पांढऱ्या दिव्यात जेवढा हिरवा अंश मुळातच आहे त्याहून अधिक हिरवे तिला सापडत नाही. चित्रकलेचा विद्यार्थी म्हणतो की मापक काही सांगो, हे दृश्य मला रंगवायचे असेल तर मी इथे हिरवाच रंग लावीन, आणि त्याचेही बरोबर असते. मग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची पाळी येते. आजूबाजूचा सगळा पडदा लालसर असल्यामुळे डोळा त्या लालसर उजेडालाच पांढरे समजू लागतो, म्हणून खरोखरचा पांढरा त्याला लालाच्या विरुद्ध बाजूला सरकलेला दिसतो, असे तो सांगतो. काळ्या कागदाची नळी करून, आजूबाजूचा पडदा दिसणार नाही अशा बेताने, फक्त तेवढ्याच सावलीकडे पाहायला तो सगळ्यांना लावतो. हिरवेपणा ओसरू लागतो. इतका वेळ गप्प बसलेली वेशभूषेची विद्यार्थिनी विचारते, की याच जागी राखाडी शाल पांघरलेले पात्र उभे राहिले तर प्रेक्षकाला शाल कोणत्या रंगाची दिसेल? आणि सगळे जण शाल आणायला उठतात.

हाच धडा चार विभागांनी चार वर्गांत शिकवला असता तर प्रत्येकाला आपापला चतकोर मिळाला असता. भौतिकशास्त्राच्या वर्गात तो दृष्टिभ्रम म्हणून दोन मिनिटांत संपला असता, चित्रकलेच्या वर्गात पूरक रंगांचा नियम म्हणून पाठ झाला असता. मोजलेले आणि दिसलेले यांत अंतर पडते, आणि त्या अंतरातच रंगभूमीवरचे, चित्रातले, चलच्चित्रातले बरेचसे काम चालते, ही जाणीव मात्र माणसे एकत्र बसल्याशिवाय आली नसती. हे प्रश्न पूर्वीही एका विद्याशाखेत मावले नव्हते. रंगीत सावल्यांवर सविस्तर लिहिणाऱ्यांत जर्मन कवी गटे होता, आणि त्याचा रंगांवरचा ग्रंथ 1810 मध्ये प्रसिद्ध झाला. मिशेल यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून पॅरिसच्या गोबलँ या, भिंतीवर टांगायची चित्रमय वस्त्रे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. निळ्याजांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळी लोकर तपासली, दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली आणि तिच्यात दोष नाही असे त्याला आढळले. दोष शेजारच्या रंगांमुळे निर्माण होत होता. त्यातून त्याने रंगांच्या परस्परविरोधाचा जो नियम मांडला तो 1839 मध्ये ग्रंथरूपाने आला आणि पुढे जॉर्ज सरा यांच्यासारख्या चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला. रसायनशाळेत सुरू झालेली तक्रार विणकाराच्या मागावरून चित्रकाराच्या फलकावर पोचली, याचे कारण शेव्रलने आपल्या विषयाच्या हद्दीपाशी थांबायला नकार दिला.

दोन अध्यापकांचा आग्रह मी का धरते, याचा खुलासा करणे आवश्यक आहे, कारण विद्यापीठांचा खरा विरोध इथेच असतो. 1919 मध्ये जर्मनीतल्या वायमार येथे वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिअस यांनी स्थापन केलेल्या बाउहाउस या कलाशाळेत सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत. एक आकाराचा विचार शिकवणारा कलावंत आणि दुसरा हाताचे काम शिकवणारा कारागीर. कुंभारकामाच्या कार्यशाळेत शिल्पकार गेऱ्हार्ड मार्क्स आणि कुंभार माक्स क्रेहान असे दोघे होते. विद्यार्थ्याला एकाच मडक्याबद्दल दोन निराळ्या बाजूंनी ऐकायला मिळे आणि त्या दोन बोलण्यांतला मेळ आपल्या हाताने घालावा लागे. या व्यवस्थेत एक गंभीर खोटही होती. कारागीर गुरूंना निर्णय घेणाऱ्या मंडळात कलावंतांच्या बरोबरीचे स्थान नव्हते, आणि त्याची सल त्यांना होती. आजच्या विद्यापीठांनी या व्यवस्थेतून शिकायचे असेल तर दोन्ही गोष्टी शिकाव्यात. दोन शिक्षक हवेत, आणि त्यांतले कुणी दुय्यम असता कामा नये. नाट्य विभागाच्या अध्यापकाने ‘मुख्य’ विषय शिकवायचा आणि संगणक विभागातून कुणीतरी तांत्रिक साहाय्यापुरते यायचे, अशी रचना झाली की विद्यार्थी आठवड्याभरात ओळखतात की खरे गुण कुणाच्या हाती आहेत, आणि दुसऱ्याचे बोलणे कानाआड करतात.

अडचण कार्यभाराची आहे. दोन अध्यापकांनी मिळून एक विषय शिकवला तर त्याचे तास दोघांत निम्मे-निम्मे वाटायचे, असा नियम अनेक ठिकाणी आहे. कागदावर तो न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात एकत्र शिकवायला एकट्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण वर्गाआधी दोघांना बसून ठरवावे लागते, दुसऱ्याचा विषय थोडा तरी वाचावा लागतो, आणि वर्ग सुटल्यावर काय जमले नाही याची उजळणी करावी लागते. निम्मे तास मोजले गेले की उत्साही तरुण अध्यापकसुद्धा एक-दोन सत्रांत हा प्रयोग सोडून देतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. सामाईक स्टुडिओ शिकवणाऱ्या दोघांचेही पूर्ण तास मोजावेत, एवढा एक निर्णय विद्यापीठाने घेतला तरी निम्मी लढाई जिंकल्यासारखे होईल. यासाठी नवी इमारत लागत नाही, महागडी उपकरणे लागत नाहीत. पैसा लागतो, पण तो माणसांच्या वेळेसाठी लागतो, आणि नेमक्या याच खर्चाला नकार मिळतो.

तासांचाच आणखी एक प्रश्न आहे. व्याख्यानाच्या 15 तासांना एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या 30 तासांना एक श्रेयांक, असा हिशेब पुष्कळ विद्यापीठांत धरला जातो. म्हणजे चार श्रेयांकांच्या स्टुडिओसाठी 120 तास द्यावे लागतात आणि तेवढ्याच श्रेयांकांच्या व्याख्यानासाठी 60. आपली मूळ पदवी सांभाळून येणारा विद्यार्थी स्वाभाविकपणे कमी तासांचा विषय निवडतो आणि पाच विषयांचे कलाशिक्षण मातीला, कापडाला, सुराला हात न लावता पूर्ण करतो. त्याला दोष देऊ नये. स्टुडिओचे तास कमी करावेत असेही माझे म्हणणे नाही, कारण हात तयार व्हायला वेळ लागतोच. उपाय असा की हाताने करायचे काम ऐच्छिक यादीत ठेवूच नये, ते सर्वांना अनिवार्य करावे, आणि स्टुडिओ संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी उघडा ठेवावा. प्रयोगशाळेतून पाच वाजता सुटणाऱ्या विद्यार्थ्याला साडेपाचला बंद होणाऱ्या स्टुडिओचा उपयोग नाही.

आता अभ्यासाच्या सखोलतेबद्दल. सगळ्या कलांची थोडी थोडी चव घ्यावी, या मताचे लोक बरेच आहेत आणि त्यांचा हेतू चांगला असतो. मला ते मत पटत नाही. निदान दोन सत्रे एकाच माध्यमात काम केल्याशिवाय त्या माध्यमाचा प्रतिकार कळत नाही. कागद कुठे फाटतो, आवाज कुठे फुटतो, वाक्य कुठे खोटे वाटू लागते, हे पहिल्या सत्रात कळत नाही, कारण पहिल्या सत्रात सगळेच चुकत असते आणि कोणती चूक आपली व कोणती माध्यमाची हे ओळखता येत नाही. ज्याला एकही माध्यम आतून माहीत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या विद्याशाखेतल्या माणसाला देण्याजोगे काही नसते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागतो, तेव्हा ऋषी त्याला सांगतात की चित्रसूत्र (चित्रकलेचे नियम) जाणल्याशिवाय प्रतिमालक्षण (मूर्तीचे नियम) कळणार नाही, नृत्तशास्त्राशिवाय (नृत्याच्या शास्त्राशिवाय) चित्रसूत्र कळणार नाही, वाद्यांशिवाय नृत्त आणि गीताशिवाय वाद्य. हा संवाद कलांच्या एकात्मतेचा दाखला म्हणून सभासमारंभांत वारंवार सांगितला जातो. अभ्यासक्रम आखणाऱ्याच्या नजरेने तो वाचला तर त्यात आणखी काही सापडते. राजाला हवी आहे ती एकच गोष्ट, मूर्ती. ऋषी त्याला पाच कलांची यादी देऊन त्यातली कोणतीही निवडायला सांगत नाहीत. त्या एका गोष्टीकडे जायला काय काय आधी यायला हवे, त्याचा क्रम सांगतात. प्रमाणपत्राची आखणीही याच पद्धतीने व्हावी, म्हणजे विद्यार्थ्याने एक माध्यम आपले म्हणून निवडावे आणि बाकीचे विषय त्या माध्यमाला काय लागते ते पाहून ठरावेत. नाटकासाठी लिहू पाहणाऱ्याने आवाजाचा आणि प्रकाशाचा अभ्यास करावा, शिल्प करू पाहणाऱ्याने शरीररचना आणि पदार्थांचे गुणधर्म शिकावेत. याला मार्गदर्शक लागतो, आणि तो प्रवेशाच्या दिवशीच नेमून दिला पाहिजे.

शेवटच्या सत्रातील प्रकल्प कसा असावा, याचे माझ्या मनातले उदाहरण एका कापडाचे आहे. विणकर ॲनी अल्बर्स यांनी बाउहाउसमधील पदविकेसाठी 1930 मध्ये एक भिंतीवर लावायचे कापड विणले. वास्तुविशारद हानेस मायर यांनी जर्मनीतल्या बेर्नाउ येथे कामगार संघटनांच्या शाळेची इमारत उभारली होती, तिच्या सभागृहात आवाज घुमत असे, त्यासाठी हे कापड होते. त्याच्या मागच्या बाजूला शेनील, म्हणजे मऊ, लवदार सूत होते, त्यामुळे आवाज शोषला जाई. पुढच्या बाजूला सेलोफेन विणलेले होते, त्यामुळे प्रकाश परावर्तित होई. वास्तुशास्त्र, ध्वनिशास्त्र, प्रकाश आणि विणकाम यांची भेट एका कापडाच्या दोन बाजूंत झाली. या कामात विणकाम दुय्यम झालेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इतर शास्त्रांनी विणकराला एक खरा प्रश्न दिला आणि विणकराने तो आपल्या मागावर, आपल्या भाषेत सोडवला. अंतिम प्रकल्पाची कसोटी हीच असावी. ज्या प्रकल्पातून एक विद्याशाखा काढून घेतली तरी काही बिघडत नाही, तो प्रकल्प अजून तयार झालेला नाही असे समजावे. पर्यावरणावरची कविता पडद्यावर दाखवून तिला पार्श्वसंगीत लावले, एवढ्याने काम आंतरविद्याशाखीय होत नाही.

मूल्यमापनाबद्दल मतभेद होतील, हे मी जाणून आहे. लेखी परीक्षेने हे काम तपासता येत नाही आणि केवळ अंतिम प्रदर्शन पाहून गुण द्यावेत हेही अपुरे आहे, कारण तसे केल्यास विद्यार्थी जे हमखास जमते तेच करतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये 1933 ते 1957 या काळात चाललेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये कलांना सर्वच विद्यार्थ्यांच्या शिक्षणात मध्यवर्ती जागा होती. तिथे 1948 च्या उन्हाळी वर्गात रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन खिडक्यांच्या पडद्यांच्या पट्ट्यांपासून एक मोठा घुमट उभारण्याचा प्रयत्न केला. घुमट उभा राहिला नाही. पुढच्या वर्षी ते परत आले आणि लहान घुमट उभा राहिला. पहिल्या उन्हाळ्यातल्या विद्यार्थ्यांना आजच्या पद्धतीने गुण दिले असते तर त्यांच्या पदरी काय पडले असते, याचा विचार अभ्यास मंडळांनी अवश्य करावा. विद्यार्थ्याने कामाची वही ठेवावी, तिच्यात फसलेले प्रयत्न तारखांसह आणि कारणांसह यावेत, सत्राच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा ज्युरी बसावी आणि तिच्यात विद्यार्थ्याच्या मूळ विषयाचाही एक परीक्षक असावा. वहीला निदान अंतिम कामाइतके गुण असावेत. यात परीक्षकाची मर्जी चालेल, अशी शंका घेतली जाते. दोन विषयांचे परीक्षक विद्यार्थ्यासमोर बसून कारणे देत असतील तर मर्जीला फारसा वाव राहत नाही. बंद पाकिटात पाठवलेल्या गुणांपेक्षा ही पद्धत अधिक उघडी आहे.

या अभ्यासक्रमांची जाहिरात करताना विद्यापीठे एक मुद्दा हमखास पुढे करतात, तो म्हणजे कलेचा इतर व्यवसायांना होणारा उपयोग. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन आणि कलासंग्रहालयातील लिंडा फ्रीडलेंडर यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभे करून, दिसते तेवढेच नेमके वर्णन करण्याचा सराव दिला, आणि त्यांची निरीक्षणशक्ती सुधारल्याचे निष्कर्ष 2001 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉक्टरांना हा सराव मिळावा, असे मलाही वाटते. परंतु कलेचे सगळे समर्थन याच एका खांबावर उभे केले तर अभ्यासक्रमाचा तोल बिघडतो. मग व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ‘सर्जनशील विचार’ शिकवण्यासाठी दोन दिवस रंग दिले जातात आणि त्यालाच कलाशिक्षण म्हटले जाते. चित्र पाहायला शिकल्याने रोगनिदान सुधारते हे खरे असले, तरी ते चित्र त्यासाठी काढलेले नव्हते. विद्यार्थ्याला आपल्या मूळ व्यवसायात परत गेल्यावर कलेचा लाभ व्हावाच, आणि शिकत असेपर्यंत मात्र त्याने कलेचे काम कलेच्याच निकषांवर करावे, एवढी शिस्त अभ्यासक्रमाने पाळावी.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनाही स्पष्ट कल्पना दिली पाहिजे. या प्रमाणपत्राने कुणी व्यावसायिक चित्रकार किंवा दिग्दर्शक होत नाही. त्यासाठी पूर्ण वेळेचे, अनेक वर्षांचे शिक्षण किंवा तितकीच दीर्घ उमेदवारी लागते. नोकरीच्या अर्जात त्याचे वजन किती पडेल हे प्रमाणपत्राच्या कागदापेक्षा सोबत जोडलेल्या पोर्टफोलिओवर अवलंबून राहील. मिळते ते असे, की एक माध्यम हाताळण्याची सुरुवात होते, आपल्या विषयाकडे बाहेरून पाहता येते, आणि निराळ्या भाषेत विचार करणाऱ्या माणसांबरोबर एक काम शेवटास नेण्याचा अनुभव येतो. नोकरी करत असताना, मुलेबाळे मोठी झाल्यावर, किंवा निवृत्तीनंतर येणाऱ्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे, आणि वर्गात त्यांचे असणे तरुण विद्यार्थ्यांच्याही हिताचे असते. हिशेबनिसाच्या खुर्चीत आयुष्य घालवलेला माणूस जेव्हा नाटकाच्या तालमीचे वेळापत्रक आखतो, तेव्हा विशीतली मुले त्याच्याकडून जे शिकतात ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. म्हणून प्रवेशासाठी आधीच्या कलाकामाचा पोर्टफोलिओ मागू नये. आपल्या विषयातला कोणता प्रश्न कलेच्या वाटेने पाहावासा वाटतो, हे एक पानभर लिहून मागवावे आणि मुलाखत घ्यावी.

विद्यापीठांना माझी विनंती आहे की प्रवेशाची जाहिरात देतानाच त्यांनी काही तपशील छापावेत. सामाईक स्टुडिओ कोणत्या सत्रात आहे, तो कोणते दोन अध्यापक मिळून शिकवणार आहेत, दोघांचे पूर्ण तास मोजले जाणार आहेत की नाही, स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा राहील, मार्गदर्शक कधी नेमला जाईल आणि ज्युरीत कोण बसेल, हे सारे प्रवेश घेणाऱ्याला शुल्क भरण्याआधी कळले पाहिजे. आणि जे वाचक स्वतःसाठी किंवा मुलांसाठी अशा अभ्यासक्रमाचा विचार करत असतील, त्यांनी विभागात जाऊन हे प्रश्न तोंडी विचारावेत, मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांच्या कामाच्या वह्या पाहायला मागाव्यात, आणि शक्य झाल्यास स्टुडिओच्या एका तासाला मागे बसण्याची परवानगी घ्यावी.

आपली नम्र,
प्रकाशयोजना व रंगविचार शिकवणारी एक अध्यापिका